उंच इमारत आणि चार ओळींची दुरुस्ती

दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांवर एक पाठ आहे. दर्पण, केसरी, आकाशवाणी, दूरदर्शन अशी नावे त्यात येतात, सनावळ्या येतात आणि मुले त्या पाठ करून टाकतात. मी मुंब्र्याच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवते. राहते कल्याणला, दूधनाक्याजवळ. रोज सकाळी ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा अशी स्टेशने मोजत शाळेत पोहोचते. गेल्या वर्षी हा पाठ घेताना वाटले, नुसत्या सनावळ्या किती सांगायच्या? मुलांना एखादे चित्र दाखवावे. बी.एड.ला असताना पाठाच्या टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ असा एक रकाना भरावा लागायचा. तो रिकामा राहिला की आमच्या मॅडम रागवायच्या. ती सवय अजून गेलेली नाही.

तर त्या रकान्यात मी अमेरिकेतल्या शिकागो शहरातली एक इमारत लिहिली. ट्रिब्यून टॉवर. शाळेत प्रोजेक्टर आहे, वीज असली की चालतो. त्या दिवशी वीज होती. भिंतीवर ती इमारत उमटली तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प झाली. टोकदार कमानी, दगडी नक्षी, वर मुकुटासारखा कळस. एक मुलगा म्हणाला, “टीचर, ये तो व्हीटी जैसा है!” आदल्या वर्षी आम्ही सहलीला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहिले होते. मुलाची नजर बरोबर होती. दोन्ही इमारतींचे घराणे एकच, गॉथिक. युरोपातल्या जुन्या चर्चची ही धाटणी इंग्रजांनी मुंबईत रेल्वेला दिली, आणि पुढे अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने ती स्वतःच्या कचेरीला दिली.

मी रंगात येऊन सांगत गेले. ‘शिकागो ट्रिब्यून’ हे वर्तमानपत्र १८४७ साली निघाले. १९२२ साली पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा मालकांनी जाहीर केले की आम्हाला जगातली सर्वांत सुंदर कचेरी बांधायची आहे. त्यासाठी स्पर्धा ठेवली, एकूण एक लाख डॉलरची बक्षिसे लावली. देशोदेशींहून अडीचशेच्या वर आराखडे आले. पन्नास हजार डॉलरचे पहिले बक्षीस जॉन मीड हॉवेल्स आणि रेमंड हूड या न्यूयॉर्कच्या दोन स्थापत्यकारांना मिळाले. १९२५ साली इमारत उभी राहिली. उंची ४६२ फूट. आपला राजाबाई टॉवर २८० फुटांचा आहे, म्हणजे हिशेब करा! प्रवेशद्वाराजवळच्या दगडी नक्षीत हॉवेल्सच्या नावाची आठवण म्हणून भुंकणारा कुत्रा आणि हूडच्या नावासाठी रॉबिन हूड कोरला आहे, हे ऐकून वर्ग खदखदून हसला.

मग मी त्या इमारतीच्या भिंतीत बसवलेल्या दगडांची गोष्ट सांगितली. पेपरचे मालक रॉबर्ट मॅकॉर्मिक पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात गेले होते. तिथे ईप्र गावच्या, तोफांनी फुटलेल्या चर्चचा एक तुकडा त्यांनी उचलून आणला. पुढे त्यांनी आपल्या वार्ताहरांना सांगून ठेवले की जिथे जाल तिथून एखाद्या प्रसिद्ध वास्तूचा दगड आणा, पण सरळ मार्गाने आणा. असे सुमारे दीडशे तुकडे त्या भिंतीत आहेत. इजिप्तचा पिरॅमिड, चीनची भिंत, अथेन्सचे पार्थेनॉन, पुढे बर्लिनची भिंत. “आणि आपला ताजमहाल,” मी म्हटले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. शेवटी एका मुलाने विचारले, “टीचर, इतका उंच मनोरा वादळात पडत नाही?” मी चित्रावर बोट ठेवून सांगितले, “या बाजूच्या दगडी कमानी दिसतात ना, त्यांनी वरचा भार पेलला आहे.” तास संपला. टाचणाच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिले, ‘उद्दिष्ट साध्य झाले.’

काय साध्य झाले ते तीन आठवड्यांनी कळले.

वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. हुशार मुलगी, मराठीचे शुद्धलेखन माझ्याहून बरे. तिच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. तिचा मोठा भाऊ रिक्षा चालवतो. दोन दिवसांपूर्वी एका चोरीच्या प्रकरणात पोलिसांनी त्याला चौकशीला नेले होते. नावात साम्य होते, एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी चूक ध्यानात आली आणि त्याला घरी पाठवले. पण त्याच सकाळच्या पेपरात त्याचे पूर्ण नाव छापून आले होते. वय होते, गल्लीचे नाव होते, आणि ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ तो एका टोळीचा सदस्य होता. त्या टोळीची कामगिरी पुढच्या दोन परिच्छेदांत होती.

मी तिला समजावू लागले की भाऊ सुटला आहे, काळजी करू नकोस. ती म्हणाली, “टीचर, वो तो ठीक है. लेकिन पेपरवालों की इतनी बडी बिल्डिंग होती है, आपने दिखाया था. इतनी बडी जगह बैठनेवाले झूठ क्यों लिखेंगे? भाई ही झूठ बोल रहा होगा ना?”

शेजारी काय म्हणाले, रिक्षास्टँडवर काय झाले, हे सगळे मी नंतर ऐकले. पण त्या क्षणी मला जे लागले ते हे की एका बहिणीचा भावावरचा विश्वास डळमळला होता, आणि त्याला टेकू मी पुरवला होता. तासाला मी मुलांना वर्तमानपत्राची उंची दाखवली. वर्तमानपत्राचा खरेपणा कशावर उभा असतो, ते मात्र सांगितलेच नाही. मला स्वतःला तरी ते ठाऊक होते का?

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी त्या इमारतीबद्दल पुन्हा वाचत बसले. आणि पहिलीच गोष्ट अशी सापडली की मी मुलांना चुकीचे सांगितले होते. त्या दगडी कमानी मनोऱ्याचा भार पेलत नाहीत. जुन्या चर्चमध्ये अशा कमानींना खरोखरच काम असायचे. छताचा जड रेटा भिंती बाहेर ढकलायचा आणि या कमानी त्याला बाहेरून आधार द्यायच्या. कमान काढली तर भिंत कोसळेल. पण ट्रिब्यून टॉवर पोलादी सांगाड्यावर उभा आहे. भार सगळा पोलादावर, आणि पोलाद तर दिसत नाही. जे दिसते ते दगड, आणि दगडाला काही पेलायचे नाही. ते शोभेला आहेत. त्याच स्पर्धेत दुसरे बक्षीस मिळालेल्या एलिएल सारिनेन यांचा आराखडा यापेक्षा सरस होता, असे लुई सलिव्हन या बुजुर्ग स्थापत्यकाराने तेव्हाच लिहून ठेवले आहे.

मला स्थापत्यातले कळत नाही. पण ही गोष्ट मनातून जाईना. एखादे वर्तमानपत्र चर्चची कमान का उसनी घेते? ताजमहालचा दगड भिंतीत का बसवते? कारण लोक त्या आकारापुढे शेकडो वर्षे मान झुकवत आले आहेत. आकार आला की मान झुकवण्याची सवयही मागोमाग येते. टर्मिनससमोर उभे राहिल्यावर आपल्यालाही क्षणभर तसेच होते. इंग्रजांनी ते नुसते गाड्या सोडायला बांधले नव्हते. आगगाडी पकडायला आलेल्या माणसाला सरकार केवढे आहे हे कळावे, हाही त्यातला हेतू होता. दगड बोलत नाहीत म्हणतात. पण दगड एक वाक्य फार चांगले बोलतात. ‘मला प्रश्न विचारू नकोस.’

त्या टॉवरचा कळस फ्रान्समधल्या रूआँ शहरातल्या चर्चच्या एका मनोऱ्यावरून घेतला आहे. त्या मनोऱ्याला ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. ईस्टरच्या आधीच्या उपवासात लोणी वर्ज्य असे. ते खाण्याची सूट मिळावी म्हणून भाविकांनी जे पैसे दिले त्यातून तो बांधला, असे सांगतात. मला हे वाचून हसू आले. रमजानमध्ये आमच्याकडे कोणी अशी सूट विकायला काढली असती, तर कल्याणच्या खाडीकिनारी केवढा मनोरा उभा राहिला असता! पण हसू ओसरल्यावर वाटले, सुटीच्या पैशांतून उंची येते हे तर खरेच, पण पुढे उंचीतूनही सूट मिळू लागते. उंच जागी बसलेल्याला आपण विचारत नाही, ‘तुला हे कोणी सांगितले?’

त्या उंच इमारतीतूनही चुका निघाल्या. १९४८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ट्रिब्यूनच्या छापखान्यात कामगारांचा संप चालू होता, त्यामुळे अंक लवकर छापायला द्यावा लागे. मोजणी पुरी होण्याआधीच पहिल्या पानावर भल्यामोठ्या अक्षरांत छापले गेले की ड्यूई यांनी ट्रुमन यांचा पराभव केला. निवडून आले ट्रुमन. दोन दिवसांनी सेंट लुइसच्या स्टेशनावर आगगाडीच्या शेवटच्या डब्यात उभे राहून त्यांनी तो अंक दोन्ही हातांनी उंच धरला आणि ते मनमुराद हसले. तो फोटो जगभर गेला. आजही ही चूक लोक गमतीने आठवतात.

गमतीने का? कारण ज्याच्याबद्दल खोटे छापले तो देशाचा अध्यक्ष होता. त्याच्याजवळ आगगाडी होती, समोर फोटोवाले होते, आणि तो जिंकला आहे हे साऱ्या जगाला दिसत होते. त्याला त्या पेपराहून उंच जागा मिळाली होती. रिक्षावाल्याने तो अंक कुठल्या स्टेशनावर उंच धरायचा? मुंब्रा स्टेशनच्या पुलावर? त्याचे हसू कोण टिपणार? चूक तीच असते, पण उंचावरून खाली पडलेला दगड खाली उभ्या असलेल्या माणसालाच जास्त लागतो.

मग वर्तमानपत्राचा खरा भार पेलते तरी काय? मला १९०८ हे साल आठवले. इतिहासाच्या शिक्षिकेला सालाचाच आधार असतो. त्या वर्षी ‘केसरी’तल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. केसरीची कचेरी तेव्हा पुण्याच्या गायकवाड वाड्यात होती; तो वाडा टिळकांनी १९०५ साली घेतला होता. मनोरा नाही, कळस नाही, पेशवाई वळणाचा वाडा. उलट खटला जिथे चालला ते मुंबईचे हायकोर्ट मात्र गॉथिक, १८७८ साली पूर्ण झालेले, टोकदार कमानींचे आणि उंच मनोऱ्यांचे. टिळकांनी अनेक दिवस आपली बाजू स्वतः मांडली. ज्यूरीतल्या बहुमताने दोषी ठरवले, सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला पाठवले. म्हणजे त्या दिवशी उंच इमारत चुकली होती आणि वाड्यातला माणूस आपल्या शब्दामागे उभा होता.

त्याच वर्षी अलीगढला मौलाना हसरत मोहानी यांना अटक झाली. आपण त्यांना गझलेसाठी ओळखतो. ते ‘उर्दू-ए-मुअल्ला’ नावाचे मासिक काढत आणि राजकारणात टिळकांना गुरू मानत. मासिकात इजिप्तमधल्या इंग्रजांच्या शैक्षणिक धोरणावर एक लेख आला होता. लेखावर लेखकाचे नाव नव्हते. लेख हसरतांनी लिहिलेला नव्हता. सरकारने नाव विचारले. त्यांनी सांगितले नाही. छापला मी, जबाबदार मी, एवढीच त्यांची भूमिका. सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्यांनी जात्यावर दळण दळले. दंडापायी त्यांची पुस्तके लिलावात गेली. सुटून आल्यावर छोट्याशा छापखान्यात स्वतः राबून त्यांनी मासिक पुन्हा उभे केले. पत्नी निशातुन्निसा बेगम हाताशी होत्या.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. हसरतांनी दुसऱ्याचे नाव झाकले, पण त्या शब्दाची शिक्षा स्वतःच्या अंगावर घेतली. आमच्या गल्लीतल्या बातमीतही नाव झाकले होते, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’. पण इथे शिक्षा कोणी भोगली? ज्याच्याबद्दल छापले त्याने. नाव झाकणे ही पत्रकाराची नीती असू शकते, हे मला मान्य आहे. खबर देणाऱ्याचा जीव वाचवावा लागतो. पण नाव झाकले की त्या नावाचा भार झाकणाऱ्याच्या खांद्यावर येतो. तो खांदा दिला नाही तर ‘सूत्र’ म्हणजे ती शोभेची कमान झाली. दिसायला आधार, प्रत्यक्षात कशालाच नाही.

आमच्या परंपरेत या प्रश्नाचा फार बारकाईने विचार झालेला आहे, आणि मला वाटते तो केवळ मुसलमानांच्या कामाचा नाही. ‘अखबार’ हा शब्द मुळात ‘खबर’चे अनेकवचन. कुराणाच्या ‘हुजुरात’ या सूरेत बजावले आहे की भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा. नाही तर अजाणतेपणी कोणाला इजा कराल आणि मागाहून पस्तावाल. हदीस गोळा करणाऱ्या विद्वानांनी तर याचे शास्त्रच बनवले. मजकुराला ‘मतन’ म्हणतात आणि तो कोणी कोणाकडून ऐकला त्या साखळीला ‘सनद’. आधी सनद सांगायची, मग मतन. साखळीतला प्रत्येक माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खोटे बोलताना कधी आढळला होता का, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. कडी तुटली की मजकूर कितीही सुंदर असला तरी दुबळा ठरायचा. तो कोणत्या शहरातल्या केवढ्या मशिदीत सांगितला गेला, याने त्याचे वजन वाढत नसे.

पण खरे बोलायचे तर ही परंपरा सांगणारे आम्हीही आज काय करतो? मोबाइलवर आलेला मजकूर शहानिशा न करता पुढे ढकलतो. खाली ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ असे लिहिले असले की तीच सनद समजतो. तेव्हा हा लेख केवळ पेपरवाल्यांविरुद्धची तक्रार म्हणून वाचू नये.

आणखी एक गोष्ट मला स्वतःविरुद्ध मांडली पाहिजे. मोठी इमारत वाईटच असते का? १९२७ साली मिनेसोटा राज्यात ‘सॅटर्डे प्रेस’ नावाचे एक साप्ताहिक सरकारने बंद पाडले. संपादक जे नियर हा काही साधुसंत नव्हता. पुढाऱ्यांची आणि गुन्हेगारांची मिलीभगत तो उघडी करी, पण ज्यू लोकांबद्दल अत्यंत विषारी लिही. त्याच्याजवळ वरच्या कोर्टात जाण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा मदतीला आले ते उंच इमारतीचे मालक मॅकॉर्मिक. १९३१ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की सरकारला छापण्याआधीच तोंड दाबता येणार नाही. खोटे छापले तर मागाहून जाब विचारा.

मी हे वाचले आणि बराच वेळ बसून राहिले. मी त्या काळी त्या गावात ज्यू शाळामास्तरीण असते तर मला या निकालाचा आनंद झाला असता का? आजही आमच्याबद्दल काहीबाही छापणाऱ्यांना हेच तत्त्व वाचवते. तरीसुद्धा मला वाटते निकाल योग्य होता. कारण छापण्याआधी परवानगी मागायची वेळ आली तर पहिला गळा दाबला जातो तो हसरत मोहानींचा; शिवी देणारा कसाही वाट काढतो. आणि सरकारशी भांडायला कधीतरी पैसा, वकील, मोठे घर लागते, हेही या गोष्टीत आहेच. इमारतीची उंची सरकारसमोर उभी राहते तेव्हा ती कामाची असते. तीच उंची गल्लीसमोर उभी राहिली की तिचा नुसता दबाव होतो.

पण ‘मागाहून जाब विचारा’ म्हणजे कोणी विचारायचा? रिक्षावाल्याच्या दिवसाच्या कमाईत वकिलाची एक तारीखही होत नाही. आपल्याकडे प्रेस कौन्सिल आहे. ते पेपरला समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. आणि तिथे अर्ज करता येतो हे आमच्या गल्लीत किती जणांना ठाऊक आहे? म्हणून जो छापतो त्याच्यावरच एक जास्तीचे कर्तव्य येते. कायदा ते करायला लावत नाही म्हणूनच ते नैतिक कर्तव्य. समोरच्याला जाब विचारता येत नसेल तर आपणच आपला जाब विचारायचा, आणि चूक झाली असेल तर ती दुरुस्त करायची, जितक्या उंचीवरून ती झाली तितक्याच उंचीवरून.

असे होत नाही, हे जगाच्या बाहेरचे आहे, असे कोणी म्हणेल. पण एकदा झाले आहे. टिळकांना शिक्षा सुनावणाऱ्या त्याच हायकोर्टात, त्याच कोर्टरूमच्या बाहेर, १९५६ साली एक शिला बसवली गेली. शिक्षा होण्यापूर्वी टिळक जे बोलले ते शब्द तिच्यावर कोरले आहेत. अनावरण केले मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांनी. अठ्ठेचाळीस वर्षे लागली, टिळक राहिले नव्हते, हे खरे. पण संस्थेने आपली चूक आपल्याच दगडी भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी लावली. शिकागोच्या भिंतीत जगभरचे दीडशे दगड आहेत, मुंबईच्या त्या भिंतीत हा एक आहे. मला विचाराल तर हा दगड अधिक भार पेलतो.

शिकागोच्या त्या टॉवरचे पुढे काय झाले? इमारत विकली गेली आणि २०१८ साली वर्तमानपत्र तिथून दुसऱ्या ठिकाणी भाड्याच्या जागेत गेले. टॉवरमध्ये आता महागडे फ्लॅट आहेत. कमानी तशाच आहेत, ताजमहालचा तुकडाही. पेपर मात्र दुसरीकडून निघतो. वर्तमानपत्र आणि त्याचे घर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे काळाने आपोआप दाखवून दिले.

आता त्या मुलीबद्दल. मी तिच्या अब्बांना शाळेत बोलावले आणि पेपरच्या संपादकांना मराठीत पत्र लिहून दिले. शिव्या नाहीत, आरोप नाहीत. तारीख, पान, मजकूर, आणि सुटकेची हकीकत. अब्बा म्हणाले, “टीचर, राहू द्या. आणखी काही छापतील.” त्यांच्या या वाक्यातही ती उंच इमारतच उभी होती. मुलगी म्हणाली, “नहीं अब्बा, भेजो.” तिने ‘भेजो’ म्हटले तेव्हा माझ्या ध्यानात आले की तिने भावाचे ऐकून घेतले आहे.

अकराव्या दिवशी दुरुस्ती छापून आली. बातमी तिसऱ्या पानावर तीन कॉलमांत होती. दुरुस्ती आतल्या पानावर, ‘नावात बदल’च्या जाहिरातींशेजारी, चार ओळींची. आली हेच पुष्कळ, असे सगळे म्हणाले. मीही म्हणाले. ज्या कोणी त्या चार ओळी छापल्या त्याचे मी मनापासून आभार मानते. कदाचित त्यासाठी त्याला आत कोणाशी तरी बोलावे लागले असेल. पण रिक्षास्टँडवर बातमी सर्वांनी वाचली होती आणि दुरुस्ती कोणीच वाचली नव्हती. शेवटी त्या पोराने ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून लायसनच्या मागे ठेवले. कोणी बोलले की काढून दाखवतो. एक माणूस आपल्या निर्दोषपणाचा कागद खिशात घेऊन फिरतो, याला न्याय म्हणायचे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आमच्या शाळेत जिन्याजवळ एक भित्तिपत्रक आहे, अर्धे उर्दू, अर्धे मराठी. दहावीची मुले ते काढतात. या प्रकरणानंतर त्यांनी बसून दोन नियम केले. एक, प्रत्येक बातमीखाली ती कोणी पाहिली किंवा कोणी सांगितली ते लिहायचे. नाव लिहिता येत नसेल तर बातमी लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव लिहायचे. दोन, दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. दुसरा नियम त्याच मुलीने मांडला.

नियम झाल्यावर पहिली दुरुस्ती कोणाची, असा प्रश्न निघाला. मी खडू ठेवला आणि म्हटले, “माझी.” त्या आठवड्याच्या भित्तिपत्रकात सर्वांत वर, लाल स्केचपेनने, मथळ्याच्या अक्षरांत लिहिले होते: ‘टीचरांनी शिकागोच्या टॉवरबद्दल चुकीचे सांगितले. बाहेरच्या दगडी कमानींवर भार नाही. भार आतल्या पोलादावर आहे.’ खाली मी सही केली.